नळीखालचं लाकूड

माझ्या सायकलीला तीन बाप आहेत, हे त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. हार्लेम या डच गावातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला आलो होतो. बॅगा अजून जिन्यात होत्या, आणि हे गृहस्थ फाटकापाशी उकिडवे बसून माझ्या सेकंडहँड सायकलीचं निरीक्षण करत होते.

"सांगाडा एकीचा, पुढचं चाक दुसरीचं, कॅरिअर तिसरीचं. घंटी तेवढी नवी. विकणाऱ्यानं घंटी नवी लावली की समजायचं, बाकीचं त्याला लपवायचंय."

"चालतेय ना, मग झालं," मी म्हणालो.

"चालतेय की. चालण्याबद्दल मी कुठं बोलतोय?"

मला वाटलं, घरमालक मराठी मिळाला म्हणून मी उगीच हुरळलो. पुढं चार वर्षं त्या घरात काढली आणि हे वाटणं अधूनमधून परत येत राहिलं.

बुटके, सडपातळ, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, त्यावर राखाडी स्वेटर. गळ्यात एकच दोरी, तिच्यात ऑफिसचं ओळखपत्र आणि सोनार डोळ्याला लावतात तसलं भिंग, दोन्ही अडकवलेली. स्लोटरडाइकच्या एका उंच इमारतीत ते कुठल्याशा बँकेची जुनीपुराणी प्रणाली सांभाळायचे. ती दुसऱ्या कुणाला कळत नव्हती, म्हणून साठी उलटली तरी त्यांना कुणी सोडत नव्हतं. माझंही ऑफिस तिथंच, स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला. गाडीत समोरासमोर बसलो की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचो आणि ते डब्यातल्या बाकांचे स्क्रू बघायचे.

त्यांना काय हाक मारायची, हा एक प्रश्नच होता. आपल्या सवयीनं मी 'काका' म्हणालो, तर म्हणाले, "तुमच्या वडिलांना भाऊ नाहीत का?" मी म्हटलं, आहेत, दोघे आहेत. "मग ती जागा भरलेली आहे." सर म्हणावं तर त्यांनी मला कधी काही शिकवलेलं नव्हतं. नावानं हाक मारायला जीभ वळेना. शेवटी चार वर्षं मी त्यांना 'अहो'वर भागवलं. एखाद्या जुन्या पिढीतल्या बायकोसारखं मी जिन्यावरून 'अहो, किल्ली आहे का?' ओरडायचो, आणि त्यांना त्यात काहीच वावगं वाटायचं नाही. मला मात्र ते कायम 'तुम्ही' म्हणायचे.

त्यांचे वडील लष्करात आर्मरर होते. म्हणजे सैनिकानं मोडलेली बंदूक जोडून द्यायची, हे त्यांचं काम. खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या या मुलानं भोवऱ्याआधी थ्री नॉट थ्रीचा बोल्ट हातात धरला होता. "सगळे नंबर जुळणारी रायफल दिसली की बाबा हसायचे," ते सांगत. "म्हणायचे, ही एकतर कधी लढली नाही, नाहीतर कुणीतरी मागाहून सजवलीय. फौजेतली रायफल दहा हातांतून जाते. दस्ता एका सालचा, नेम धरायची माशी दुसऱ्या सालची, पट्टी तिसऱ्याच कारखान्याची. पण प्रत्येक तुकड्यावर फौजेचा शिक्का पाहिजे. शिक्का असेल तर बदललेलाही भाग खरा. नसेल तर तो पोरखेळ."

हे शेवटचं वाक्य बापाचं की मुलानं जोडलेलं, हे मला कधी कळलं नाही. बापाला दुसऱ्या दिवशी सकाळी चालणारी बंदूक हवी असायची. मुलाला हवी होती ती खरी.

त्यांच्या पुढच्या खोलीत एकही बंदूक नव्हती. परवान्याची भानगड नको म्हणून नाही, म्हणायचे, "घरात ठेवली की माया बसते आणि मायेनं नजर जाते." होते ते फक्त भाग. लिकोरिसच्या, म्हणजे ज्येष्ठमधाच्या, गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यांमध्ये स्क्रू, कडी, पट्ट्या, आणि प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली कागदाची चिठ्ठी. नोव्हेंबरात चार वाजताच अंधारून यायचं. हीटर ते इतका कमी ठेवायचे की मी वर जाकीट घालून लॅपटॉपवर बसायचो, आणि खालून डबा उघडल्याचा, मिटल्याचा आवाज येत राहायचा. दुसरा आवाज त्या घरात नव्हता. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी एनस्खेडेला विद्यापीठात संशोधन करायची आणि रविवारी अकराला फोन करायची. हे मराठीत बोलायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची. स्पीकर लावलेला असायचा, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. एकदा, फक्त एकदाच, ती मराठीत म्हणाली, "बाबा, मी खूप थकली."

"थकले," ते म्हणाले.

मग तिनं डचमध्ये हवेची चौकशी केली. मी वरून खाली जाऊन त्यांना गदागदा हलवावं, असं मला तेव्हा वाटलं होतं. गेलो नाही. आपण भाडेकरू, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून मी तसे बरेच प्रसंग सोडून दिले.

मराठी मंडळाच्या दिवाळीला मी त्यांना एकदा ओढून नेलं, त्याची गोष्ट सांगायलाच हवी. अध्यक्षांच्या बायकोनं पणजीची समई कौतुकानं मांडली होती. सगळे वा वा करत होते. तिनं या माझ्या पाहुण्यालाही विचारलं, "किती जुनी असेल हो?" यांनी भिंग काढलं. समई उचलली, उलटी केली, वरचा मोर फिरवून काढला, आटे बघितले आणि म्हणाले, "बूड जुनं आहे, शंभर तरी असेल. दांडा मधल्या काळातला. मोर मशीनवरचा, तुमच्या पणजीनं बघितलेला नाही."

परत येताना मी वैतागलो होतो. "काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं, किती जुनी."

"विचारलं म्हणजे उत्तर द्यायचं नसतं, अहो. छान आहे म्हणायचं असतं."

"मग छान आहे का, असं विचारायचं." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "छान होतीच."

पुढच्या वर्षी आम्हा दोघांनाही आमंत्रण आलं नाही.

एका बाबतीत मात्र ते भिंग गळ्यातच राहायचं. इथल्या बागेच्या दुकानांत कुंड्या आणि खतांच्या पोत्यांशेजारी शोभेचे बुद्ध विकायला ठेवतात. तसला एक त्यांनी घरी आणला होता. खताशेजारी ठेवून निघायला पाय उचलेना, म्हणाले. त्या मूर्तीचे कान एका देशाचे, बसणं दुसऱ्या देशाचं आणि चेहरा कुठलाच नाही, हे माझ्यासारख्यालाही दिसत होतं. रोज संध्याकाळी त्यापुढं ते मेणबत्ती लावायचे. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "याचे पार्ट कुठल्या सालचे?" तर माझ्याकडं असं बघितलं की मी चहाचा कप उचलून वर गेलो.

शनिवार त्यांचा संग्रहालयाचा. हार्लेमच्या बाहेर, पाण्यानं वेढलेल्या एका जुन्या तटबंदीत काही निवृत्त मंडळींनी युद्धाच्या वस्तूंचं एक लहानसं संग्रहालय मांडलंय. हे तिथं प्रथम तिकीट काढूनच गेले होते. एका रायफलीखाली 'ब्रिटिश, पहिलं महायुद्ध' अशी पाटी होती. यांनी काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, ही हिंदुस्थानातून दुरुस्त होऊन आलेली आहे. नळीखालच्या लाकडात आडवा स्क्रू आहे, तो फक्त आमच्याकडं मारायचे. त्या माणसानं हसून त्यांना कॉफी दिली. पुढच्या शनिवारी हे परत, त्याच्या पुढच्या शनिवारी परत. शेवटी कंटाळून कुणीतरी पुस्तक काढून बघितलं. पाटी बदलली आणि यांना कोठाराची किल्ली मिळाली. पंचवीस वर्षं त्या देशात राहून कुणी आपणहून त्यांच्या हातात काही दिलेलं मी ऐकलं, ते तेवढंच.

तिथं त्यांचा एक कडक नियम होता. वस्तू देणाऱ्याची गोष्ट आधी ऐकायची नाही. लोक पत्रं देत, माझे आजोबा अमुक पुलावर होते, माझ्या काकांनी ही तमुक ठिकाणी पुरली होती. पत्र पाकिटात तसंच ठेवायचं. आधी वस्तू, भिंग, तक्ता. तक्त्यावर प्रत्येक भागापुढं साल, कारखाना आणि शेरा. सगळं लिहून सही झाली की मग पाकीट फोडायचं. "गोष्ट ऐकली की डोळे फितूर होतात," असं ते म्हणायचे. संग्रहालयाचा प्रमुख, लालबुंद चेहऱ्याचा एक निवृत्त शाळामास्तर, या नियमावर इतका खूष होता की पाहुण्यांना तो अभिमानानं सांगायचा. मलाही तेव्हा तो बिनतोड वाटायचा. मी स्वतः सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्याचं ऐकत बसलं तर चूक सापडत नाही, हे मला पाठ होतं. त्यांच्या तक्त्यांसाठी मी एक छोटी प्रणालीसुद्धा करून दिली आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी गाडी घेऊन मदतीला जाऊ लागलो.

माझ्या तिसऱ्या वर्षीच्या वसंतात एका वृद्ध बाईंनी वडिलांची रायफल संग्रहालयाला दिली. पोलिसांत कळवून, नळी कायमची निकामी करून, रीतसर कागदांसह ती आली, आणि सोबत हातानं लिहिलेलं जाडसर पाकीट. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, जर्मनांविरुद्ध लपून लढणाऱ्यांसाठी विमानातून पॅराशूटनं टाकलेल्या शस्त्रांपैकी ती एक होती. एवढं प्रमुखानं सांगितलं आणि यांनी हात वर करून त्याला थांबवलं. नव्या दालनात मधोमध ती ठेवायची होती, आणि दालनाची सगळी जुळणी पहिल्यांदाच यांच्यावर सोपवली होती. मी त्यांना शीळ घालताना ऐकलं, ते त्याच महिन्यात.

रायफलीत एकच गोष्ट खटकत होती. नळीखालच्या लाकडाचा पुढचा हातभर भाग मूळचा नव्हता. कुणीतरी साधं पिवळट लाकूड चाकूनं तासून सांधलं होतं. त्यांनी तक्त्यावर चार ओळी लिहिल्या, शेवटी 'काढावा' लिहिलं, आणि त्यांच्या ओळखीच्या एका संग्राहकाकडून त्याच सालचा, शिक्क्यासकट अक्रोडाचा भाग आणून इतका बेमालूम बसवला की सांधा नखालाही लागत नव्हता. काढलेले भाग ते एरवी खोक्यात जपून ठेवायचे. पण या तुकड्याला किडीची भोकं होती आणि कोठारात सगळीकडं जुनं लाकूड. "हा आत नको," म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी तो गाडीत टाकला आणि घरी जाताना नगरपालिकेच्या कचरा-आवारात गेलो. तिथं रंगवलेल्या लाकडाचा कंटेनर वेगळा आणि बिनरंगाचा वेगळा असतो. तिथल्या माणसानं विचारलं, रंगवलेलं की साधं? मी म्हटलं, साधं. एवढाच काय तो विचार मी त्या लाकडाचा केला.

पाकीट ड्रॉवरमध्ये राहिलं. यांना वाटलं, पाटी लिहायची म्हणून प्रमुखानं ते वाचलं असणार. प्रमुखाला वाटलं, तक्ता झाला म्हणजे यांनी वाचलं असणार.

तीन आठवड्यांनी दालन उघडलं. दोन ओळी खुर्च्या, कॉफी, बिस्किटं. चारचाकी वॉकर ढकलत त्या बाई आल्या. वय शहाऐंशी, पाठ वाकलेली, पण लिपस्टिक लावलेली. प्रमुखाचं भाषण संपायच्या आत त्या उठल्या आणि सरळ रायफलीपाशी गेल्या. काच अजून बसवलेली नव्हती. त्यांनी नळीखाली हात घातला आणि बोटं पुढंमागं फिरवली. मग वाकून खालून बघितलं.

"पाय कुठं आहे?" त्या म्हणाल्या.

प्रमुख यांच्याकडं बघू लागला. हे पुढं झाले. "मी काढलं, बाईसाहेब. ते लाकूड मी काढलं."

"का?"

"ते बंदुकीचं नव्हतं."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "ते आमच्या टेबलाचं होतं."

वॉकरला बसायची फळी असते, तिच्यावर बसून त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. त्या हिवाळ्यात खायला ट्यूलिपचे कांदे होते आणि जाळायला काहीच नव्हतं. आधी कुंपण गेलं, मग कोळसा ठेवायची पेटी, जिन्याचा कठडा, आतली दारं, खुर्च्या, त्यांची लाकडी बाहुली. मग हिरवं टेबल. तीन पाय जळाले. चौथा वडिलांनी बाजूला ठेवला, कारण आकाशातून पडताना रायफलीचं लाकूड फुटलं होतं आणि वडिलांना ती दुरुस्त करायची होती. घरात चार महिन्यांचं बाळ होतं, त्यांचा धाकटा भाऊ. फेब्रुवारीत ते थंडीनं गेलं. "आई मरेपर्यंत म्हणायची, तुझ्या बापानं बाळाला एक लाकूड दिलं नाही. अर्ध्या तासाची ऊब होती ती. बाबा कधी काही बोलले नाहीत. खोटं आहे असंही म्हणाले नाहीत. मी त्या टेबलाखाली खेळायचे. त्या पायावर मी चमच्यानं ओरखडे काढले होते." मग रायफलीकडं हात करून म्हणाल्या, "ही मला कधीच आवडली नाही. मी तुम्हाला पाय दिला होता. ही त्याला चिकटलेली होती, म्हणून आली."

लोक बिस्किटं हातात धरून उभे होते. यांचा चेहरा मी बघितला आणि नजर खाली घातली. लाकूड कुणी टाकलं, असं प्रमुखानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितोय, आणि लिहून काही हलकं वाटत नाहीये.

सोमवारी रजा टाकून आम्ही दोघं कचरा-आवारात गेलो. तिथला माणूस सज्जन होता. म्हणाला, लाकूड दर आठवड्याला जातं, त्याचा भुगा करतात. यांनी विचारलं, भुग्याचं काय करतात? "फळ्या करतात. नाहीतर जाळतात." हे तरीही कंटेनरच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. आत कुणाच्या तरी बाळाचा मोडका पाळणा आणि बरीच फळकुटं होती. पाऊस सुरू झाला तेव्हा मी त्यांच्या कोपराला धरून गाडीत आणलं.

प्रमुखाच्या मते यात मार्ग होता. तसंच बीच झाडाचं लाकूड घ्यायचं, यांच्या हातात कसब आहे, हुबेहूब करायचं आणि पाटी लावायची. बाईंची नजर आता अधू आहे, असंही तो हळूच म्हणाला. यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले. पुन्हा त्या तटबंदीत गेले नाहीत. घरातले डबे कुणा संग्राहकाला देऊन टाकले. भिंग दोरीत राहिलं, पण ते डोळ्याला लावलेलं मी नंतर बघितलं नाही. ऑफिसला जाताना गाडीत ते खिडकीबाहेर बघायचे. दीड वर्षानं मी घर सोडलं. निघताना त्यांनी सायकलीला हवा भरून दिली, तिच्याबद्दल काही बोलले नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीनं मला फोन करून ते गेल्याचं कळवलं, डचमध्ये.

ते विक्षिप्त होते, हट्टी होते, माणसांना दुखवायचे. हे सगळं खरं आहे आणि त्यांच्यामागं मी ते चवीनं सांगितलेलंही आहे. पण आता ते आठवले की ते डबे किंवा ती समई समोर येत नाही. त्या दालनानंतरच्या गुरुवारची दुपार येते.

बाईंनीच चिठ्ठी पाठवून त्यांना घरी बोलावलं होतं. 'तुम्ही जे लिहिलंत ते घेऊन या,' एवढंच होतं तिच्यात. एकट्यानं जायला धजेनात, म्हणून मी बरोबर. वृद्धांसाठीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीत जिरेनियम. बाईंनी कॉफी दिली, डबा उघडून प्रत्येकी एक बिस्किट दिलं, डबा मिटला.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्यासाठी बोलावलं नाही. मी तो पाय सात वर्षांची असताना शेवटचा नीट बघितला. नंतर बंदूक कायम गुंडाळलेली. तुम्ही तो हातात घेऊन बघितलात. मला सांगा, तो कसा होता."

यांनी तक्ता काढला. चष्मा लावला, पण कागदाकडं न बघता सांगू लागले. त्यांना सगळं आठवत होतं. लाकूड किती लांब होतं, रेषा कुठं वळत होत्या. वरच्या अंगाला लेथवरच्या कातकामाची दोन वळी तासून उरली होती आणि त्यांच्या खोबणीत हिरवा रंग होता. चाकू डावखुऱ्या माणसाचा होता. "हो, बाबा डावखुरे होते," बाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. नळी बसायची आतली खाच काचेच्या तुकड्यानं घासली होती. एका रात्रीचं काम नाही, पंधरावीस बैठका असतील. एका बाजूला बारीक ओरखडे होते, एकमेकांना छेदणारे, आणि ते त्यानं तासले नव्हते, वळसा घालून सोडले होते. बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. मला वाटलं, चला, काहीतरी परत मिळालं. त्या माणसाच्या नजरेचा मला त्या क्षणी अभिमान वाटला.

"आणि आता तुमचं लिहिलेलं वाचा," बाई म्हणाल्या.

त्यांनी वाचलं. "पुढचा भाग. बीच, फर्निचरचं लाकूड, कातलेलं. घरगुती दुरुस्ती. किडीची भोकं. मागचं टोक जळालेलं. लष्करी नाही. काढावा."

"जळालेलं?"

"हो."

"किती?"

त्यांनी अंगठा दाखवला. "एवढं."

बाईंनी कप बशीत ठेवला. मग एकेक शब्द वेगळा करून त्यांनी विचारलं, "जळाल्यावर कोरलं होतं, की कोरून झाल्यावर जळालं?"

मला लगेच कळलं नाही. त्यांनीच समजावलं. आधी जळालेलं असेल, तर ते नुसतं शेगडीतून उरलेलं लाकूड. हाती लागलं ते बाबांनी बंदुकीला घेतलं. पण कोरून, घासून, बंदुकीला बसवण्याजोगं झाल्यावर जळालं असेल, तर एवढं केल्यावरही एका रात्री बाबांनी ते बाळासाठी विस्तवात घातलं होतं. बाळ गेलं तेव्हा ओढून बाहेर काढलं. "म्हणजे त्यांनी ते दिलं होतं," बाई म्हणाल्या. "आणि आईला तोंडानं कधी सांगितलं नाही."

काजळी चाकूच्या खुणांवर आहे की खुणा काजळीवर, एवढंच बघायचं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्येक स्क्रूला आणि पट्टीला हाच प्रश्न विचारला, आधी काय आणि नंतर काय, त्याला यासाठी भिंगही लागलं नसतं.

मी मनातल्या मनात त्यांची विनवणी करत होतो. म्हणा, नंतर जळालं. एक शब्द आहे. कोण तपासायला येणार आहे? म्हणा हो.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी पाहिलं नाही."

"तुमच्या हातात होतं ना?"

"होतं."

"मग का नाही पाहिलं?"

"काढायचंच होतं, म्हणून."

बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही, राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे हे न कळताच मी जाणार," त्या म्हणाल्या.

"हो," ते म्हणाले.